देवाच्या पाठीमागे : ग्रीक-रोमन मंदिरातील मागील दालन आणि अंबरनाथचे शिवालय

प्रस्तावना

वास्तुकलेचा इतिहास शिकविताना ग्रीक मंदिर आणि भारतीय मंदिर यांची तुलना बहुधा एका तक्त्याच्या आधारे केली जाते. डाव्या रकान्यात प्रोनाओस, नाओस आणि ओपिस्थोडोमोस ही ग्रीक मंदिराच्या तीन भागांची नावे लिहिली जातात. उजव्या रकान्यात त्यांना समांतर अशी आपल्या परंपरेतील नावे मांडावयाची असतात. प्रोनाओससमोर मुखमंडप आणि नाओससमोर गर्भगृह या दोन जोड्या फारशी अडचण न येता जुळतात. तिसऱ्या नावापाशी मात्र लेखणी थांबते. ओपिस्थोडोमोस म्हणजे देवमूर्तीच्या दालनामागचे दालन. त्याच्या समोर काही वेळा 'अंतराळ' हा शब्द लिहून वेळ मारून नेली जाते. परंतु अंतराळ गर्भगृहाच्या पुढे, मंडप व गर्भगृह यांच्या मध्ये असते. ते मागे नसते. काही वेळा ती जागा सरळ रिकामी सोडली जाते, आणि भारतीय मंदिरात एक अंग कमी आहे असा ग्रह विद्यार्थ्याच्या मनात नकळत रुजतो.

प्रस्तुत लेखाचा विषय ही रिकामी जागा होय. ग्रीक व रोमन मंदिरातील मागील दालनाचे स्वरूप व कार्य प्रथम पाहून, त्या प्रकाशात कल्याणच्या शेजारी असलेल्या अंबरनाथच्या शिवालयाच्या मागील बाजूचे परीक्षण येथे करावयाचे आहे. देवाच्या पाठीमागे एखादा समाज काय ठेवतो, यावरून त्या समाजाची विश्वासाची व्यवस्था कळते. म्हणून हा प्रश्न केवळ बांधकामाचा राहत नाही.

ग्रीक मंदिरातील मागील दालन : रचना

ओपिस्थोडोमोस या शब्दाची फोड सोपी आहे. 'ओपिस्थेन' म्हणजे मागे आणि 'डोमोस' म्हणजे घर. अभिजात काळातील ग्रीक मंदिरात मूर्तीच्या दालनापुढे जशी दोन स्तंभांची ओसरी असे, तशीच ओसरी मागेही बांधली जाई. पुढच्या ओसरीतून मूर्तीच्या दालनात जाण्यास दार असे. मागच्या ओसरीतून ते सहसा नसे. मध्ये सलग भिंत आणि तिच्या दोन्ही अंगांना सारख्या दिसणाऱ्या दोन ओसऱ्या, असा हा समतोल होता. या मागील दालनाची गल्लत अनेकदा 'अॅडिटॉन'शी केली जाते. अॅडिटॉन ही मूर्तीच्या दालनातूनच प्रवेश असलेली, सामान्यांना मज्जाव असलेली आतली खोली होय. एक बाहेरच्या बाजूस उघडते, दुसरी आतल्या बाजूस. एक नगराला जवळची, दुसरी गूढाला जवळची. गर्भगृहाच्या कल्पनेशी काही नाते जोडायचेच असेल तर ते अॅडिटॉनशी जोडता येईल, ओपिस्थोडोमोसशी नव्हे.

अथेन्सच्या पार्थेनॉनमध्ये (इ.स.पूर्व ४४७ ते ४३२) ही रचना अधिक विस्तारलेली आढळते. तेथे मागच्या ओसरीच्या आत, पश्चिमेकडूनच प्रवेश असलेले एक स्वतंत्र दालन आहे आणि त्याचे छत चार स्तंभांनी तोललेले होते. ओसरीच्या स्तंभांमध्ये धातूच्या जाळ्या बसवून ती बंद करण्याची सोय होती. मंदिराचे मुख पूर्वेला, परंतु अॅक्रोपोलिसच्या महाद्वारातून आत येणाऱ्यास प्रथम दर्शन होई ते पश्चिमेचे, म्हणजे पाठीचे. ग्रीक शिल्पकारांनी या पाठीची उपेक्षा केली नाही. अथेना आणि पोसिडॉन यांच्या स्पर्धेचा प्रसंग त्यांनी पश्चिमेच्याच त्रिकोणी शीर्षभागात कोरला. पाठीलाही मुखासारखे सजवावे, अशी ही दृष्टी होती.

ग्रीक मंदिरातील मागील दालन : कार्य

मागील दालनाचे खरे महत्त्व त्याच्या वापरात आहे. अथेन्सच्या राज्यव्यवहारात ओपिस्थोडोमोस हा शब्द खजिन्याच्या जागेसाठी रूढ होता. ही जागा पार्थेनॉनचे पश्चिम दालन होती की शेजारच्या जुन्या अथेना मंदिराचा उरलेला मागील भाग, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. तिच्या कार्याविषयी नाहीत. इ.स.पूर्व ४३४च्या सुमाराचा मानला जाणारा कॅलियसचा ठराव या दृष्टीने बोलका आहे. अथेना देवीचे द्रव्य ओपिस्थोडोमोसच्या उजव्या बाजूस आणि इतर देवांचे द्रव्य डाव्या बाजूस ठेवावे, असे त्यात ठरविले आहे. देवांच्या नावाने दोन खाती, एकाच खोलीच्या दोन बाजूंना. खजिनदार दरवर्षी बदलत, जाताना ते पुढच्यांच्या हाती मोजदाद करून वस्तू सोपवीत आणि त्याची यादी दगडावर कोरली जाई. पेलोपोनेशियन युद्धाच्या काळात नगरराज्याने देवीच्या याच द्रव्यातून व्याजाने कर्ज घेतले, त्याचे हिशेबही कोरीव स्वरूपात उपलब्ध आहेत.

अशा व्यवस्थेत धोकेही होते. ओपिस्थोडोमोस जळाल्याचा आणि त्याबद्दल अथेनाच्या व इतर देवांच्या खजिनदारांना कैदेत टाकल्याचा उल्लेख डेमॉस्थेनीसच्या एका भाषणात येतो. इ.स.पूर्व ३०४च्या सुमारास अथेन्सकरांनी डेमेट्रियस पोलिओर्केटेस या सेनानीस राहण्यासाठी पार्थेनॉनचे मागील दालनच दिले आणि कुमारी देवतेच्या घरात त्याचे वर्तन पाहुण्यास शोभणारे नव्हते, अशी नोंद प्लुटार्कने केली आहे. याच्या उलट, ऑलिंपियाच्या झ्यूस मंदिराच्या मागील दालनात हिरोडोटसने आपला इतिहास जमलेल्या लोकांपुढे वाचून दाखविल्याची कथा ल्युशियन सांगतो. ती कथा शब्दशः खरी मानली नाही तरी एक गोष्ट स्पष्ट होते. देवाच्या पाठीमागची जागा नगराच्या कामाची आहे, हे त्या वाचकांना स्वाभाविक वाटत होते. समोर देव, मागे नगर, मध्ये एक भिंत.

रोमन मंदिरातील बदल

रोमन मंदिराने ही रचना जशीच्या तशी स्वीकारली नाही. व्हिट्रूव्हियस मागील ओसरीला 'पोस्टिकम' असे नाव देतो. परंतु रोमच्या बहुसंख्य मंदिरांत ती आढळत नाही. उंच चौथरा, केवळ पुढच्या बाजूस पायऱ्या आणि मागे सलग बंद भिंत, असे तेथील मंदिराचे सर्वसाधारण रूप होते. ऑगस्टसच्या चौकातील मार्स अल्टरचे मंदिर तर पाठीने एका उंच भिंतीला टेकलेले आहे. त्याच्या मागे जाण्याचे प्रयोजनच उरत नाही. इ.स.च्या दुसऱ्या शतकात हेड्रियनने उभारलेल्या व्हीनस आणि रोमा यांच्या मंदिरात दोन देवतांची दालने पाठीला पाठ लावून रचली आहेत. तेथे एकीची पाठ तीच दुसरीची पाठ आहे.

मागील दालन गेले तरी देवाजवळ द्रव्य ठेवण्याची प्रथा गेली नाही. रोमन प्रजासत्ताकाचा खजिना सॅटर्नच्या मंदिरात असे. इ.स.पूर्व ४९ मध्ये ज्युलियस सीझरने मेटेलस या लोकाधिकाऱ्याचा विरोध डावलून तो ताब्यात घेतला. कोषाचे मंदिराशी असलेले नाते टिकले. कोषाची वास्तूतील जागा मात्र बदलली. एखाद्या कार्याला एकच एक वास्तुरूप अटळ नसते, हा पुढील विवेचनास उपयोगी पडणारा मुद्दा येथे लक्षात घ्यावा.

यवनांचा कल्याणशी संबंध

या तुलनेला कल्याणमध्ये ऐतिहासिक आधार आहे. इ.स.च्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी' या ग्रीक प्रवासवर्णनात 'कॅलिएना' या बंदराचा उल्लेख येतो. पूर्वी तेथे व्यापार रीतसर चालत असे. पुढे सत्ता बदलल्यावर तेथे येणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात बॅरिगाझा म्हणजे भडोचला नेली जाऊ लागली, असे त्यात म्हटले आहे. तात्पर्य, मागील दालन असलेली मंदिरे पाहिलेली माणसे कल्याणच्या खाडीत येऊन गेली होती.

कार्ले येथील चैत्यगृहात काही स्तंभ धेनुकाकट येथील यवनांनी दिल्याचे लेख आहेत. यवन या शब्दाने तेथे ग्रीकच अभिप्रेत असतील वा पश्चिमेकडून आलेले अन्य परदेशी, ज्या वास्तूला त्यांनी दान दिले तिच्या पाठीची रचना पाहण्यासारखी आहे. चैत्यगृहाचा मागील भाग अर्धवर्तुळाकार असून स्तूपाच्या मागून प्रदक्षिणेची वाट जाते. दोन्ही बाजूंच्या प्रत्येकी १५ स्तंभांना तळखडे आणि शिल्पांकित शीर्षे आहेत. स्तूपामागील ७ स्तंभ मात्र साधे अष्टकोनी, तळखडे व शीर्षे नसलेले आहेत. मागची जागा चालण्याची आहे, ठेवण्याची नव्हे. आणि ती अजून सजविलेलीही नाही.

मग धर्मासाठी दिलेले द्रव्य कोठे ठेवले जाई? नाशिकच्या लेण्यातील उषवदाताचा लेख याचे नेमके उत्तर देतो. नहपानाचा जावई असलेल्या उषवदाताने ३००० कार्षापणांची 'अक्षयनीवी', म्हणजे मुद्दल कायम ठेवून केवळ व्याज खर्चावयाची ठेव, गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेवली. २००० एका श्रेणीकडे दरमहा शेकडा १ व्याजाने, १००० दुसरीकडे दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. पहिल्या रकमेचे वर्षाचे व्याज २४० कार्षापण होते आणि लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी द्यावेत, अशी तरतूद आहे. हिशेब अचूक जुळतो. हा व्यवहार निगमसभेत जाहीर करून नोंदविला गेला. कान्हेरीच्या लेखांतही अक्षयनीवीची दाने आढळतात आणि तेथील दात्यांमध्ये कल्याणचे रहिवासी वारंवार भेटतात.

अथेन्स आणि गोवर्धन यांच्यातील साम्य व भेद येथे एकदम स्पष्ट होतो. दोन्हीकडे हिशेब दगडावर कोरला गेला. अथेन्समध्ये द्रव्य देवाच्या पाठीमागे कुलपात राहिले. गोवर्धनमध्ये ते मागांवर, बाजारात फिरत राहिले. अथेन्सने विश्वास भिंतीवर आणि देवीच्या सान्निध्यावर ठेवला. पश्चिम भारतातील दात्याने तो कारागिरांच्या संघटनेवर आणि नगराच्या साक्षीवर ठेवला. लेण्याच्या पाठीमागे तिजोरीची खोली नाही, हे उणेपण ठरत नाही. त्या ठेवीची तिजोरी नगरात होती.

अंबरनाथच्या शिवालयाची पाठ

कल्याणहून कर्जतच्या दिशेने जाताना विठ्ठलवाडी व उल्हासनगर ओलांडले की अंबरनाथ लागते. वालधुनीच्या काठावरील येथील शिवालयात शक ९८२ म्हणजे इ.स. १०६० चा, शिलाहार राजा माम्वाणीच्या काळातील लेख आहे. काळ्या पाषाणातील हे मंदिर भूमिज शैलीचे असून त्याचे शिखर आज वरच्या भागात भग्न आहे. मंदिर पश्चिमाभिमुख आहे. मंडपाला पश्चिम, उत्तर आणि दक्षिण अशा तीन बाजूंना मुखमंडप आहेत. उरलेली चौथी बाजू, म्हणजे पूर्व, ही गर्भगृहाची. तीन बाजूंना दारे ठेवणाऱ्या स्थपतीने चौथ्या बाजूस ओसरी काढली नाही, खोली जोडली नाही, दारही ठेवले नाही. मंडपातून सुमारे २० पायऱ्या उतरल्यावर शिवलिंगाचे दर्शन होते.

या रचनेचे परीक्षण करता तीन गोष्टी ठळकपणे जाणवतात.

पहिली गोष्ट खोलीच्या दिशेची. ग्रीक मंदिरात आत जाणे म्हणजे पुढून मागे जाणे होय. ओसरी, दालन, भिंत आणि भिंतीपलीकडे मागचे दालन, असा हा आडवा प्रवास आहे. अंबरनाथमध्ये सर्वांत आतली जागा सर्वांत मागे नसून सर्वांत खाली आहे. भक्त काही पावले पुढे जातो आणि मग उतरू लागतो. ज्या वास्तूत गाभा जमिनीच्या पोटात आहे, तिला त्याच्यामागे आणखी एक दालन जोडून खोली वाढविण्याची गरज राहत नाही.

दुसरी गोष्ट भिंतीच्या घडणीची. ग्रीक मंदिर आयताकृती असते. त्याला चार कोपरे असतात. कोठे बाजू संपते आणि पाठ सुरू होते हे निःसंदिग्धपणे सांगता येते. अंबरनाथच्या गर्भगृहाची बाह्य भिंत उठाव आणि माघार यांच्या क्रमाने कोनाकोनांतून वळत जाते. दक्षिणेकडून पूर्वेकडे चालणाऱ्यास आपण पाठीमागे आलो हे एका विशिष्ट क्षणी कळत नाही. प्रत्येक कोनावर नवी मूर्ती, नवा छायाप्रकाश भेटतो. देवदेवता आणि सुरसुंदरी यांच्या शिल्पांची रांग पूर्वेच्या भिंतीवर येऊन विरळ होत नाही किंवा तिचा कस उतरत नाही. कार्ल्याच्या स्तूपामागील साध्या स्तंभांपासून येथपर्यंत सुमारे हजार वर्षांत झालेला हा मोठा बदल आहे. ग्रीक शिल्पकाराने पाठ मुखासारखी केली. येथील स्थपतीने मुख आणि पाठ यांच्यातील सीमारेषाच पुसून टाकली. शिवाय मंदिर पश्चिमाभिमुख असल्याने सकाळचे ऊन प्रथम या मागील भिंतीवर पडते. दिवसाच्या पहिल्या प्रहरी दर्शनी भाग सावलीत आणि पाठ उजेडात असते.

तिसरी गोष्ट चालीची. ही भिंत उभे राहून पाहण्यासाठी घडविलेली नाही, चालत पाहण्यासाठी घडविली आहे. शिवालयातील प्रदक्षिणेचा संकेत येथे ध्यानात घ्यावा लागतो. सोमसूत्र ओलांडावयाचे नाही, म्हणून भक्त तेथवर जाऊन मागे फिरतो व आल्या वाटेने परततो. पूर्व किंवा पश्चिम मुख असलेल्या आणि उत्तरेस सोमसूत्र असलेल्या सर्वसाधारण शिवालयात या संकेतानुसार मागील बाजूवरून जाताना एकदा व येताना एकदा असे दोनदा जाणे घडते. अन्य बाजूंच्या तुलनेत पाठीशी अधिक परिचय व्हावा, अशी ही चाल आहे. मराठीत देव 'पाठीशी' असतो असे आपण म्हणतो. शिवालयात भक्त देवाच्या पाठीशी जाऊन येतो.

एक आक्षेप

येथे एक आक्षेप संभवतो. भारतीय मंदिरांनी द्रव्य जवळ ठेवले नाही, असे कसे म्हणता येईल? तिरुवनंतपुरमच्या पद्मनाभस्वामी मंदिरातील तळघरे २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार उघडली गेली तेव्हा त्यांतील संपत्तीची चर्चा देशभर झाली. पुरीच्या जगन्नाथ मंदिराचे रत्नभांडार जुलै २०२४ मध्ये उघडण्यात आले. आपल्याकडे तुळजापूरच्या भवानी मंदिराचा जामदारखाना सर्वपरिचित आहे.

हा आक्षेप रास्त आहे आणि त्यामुळे मूळ विधान अधिक काटेकोर करणे आवश्यक ठरते. भारतीय मंदिराला कोष असतो; परंतु त्यासाठी देवाच्या थेट मागे, मंदिराच्या मुख्य अक्षावर, ठरीव असे दालन नसते. पुरीचे भांडार जगमोहनाच्या उत्तर बाजूस आहे. तिरुवनंतपुरमचा कोष तळघरांत आहे. सॅटर्नच्या मंदिरासंबंधी जे दिसले तेच येथेही दिसते. कोष ही गरज सर्वत्र आढळते, पण ती कोठे बसवावयाची हे प्रत्येक परंपरा आपल्या रचनेनुसार ठरविते. प्रदक्षिणा हा ज्या उपासनेचा आवश्यक भाग आहे, ती देवामागील वाट कुलूपबंद दालनासाठी सहजासहजी सोडणार नाही. ग्रीक उपासनेचे केंद्र मंदिराबाहेरची, बहुधा मुखासमोरची यज्ञवेदी होते. त्यामुळे मागची जागा नगराच्या कामासाठी मोकळी राहू शकली.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. ओपिस्थोडोमोसला 'अंतराळ' किंवा 'गर्भगृह' हे पर्याय देणे चुकीचे असून 'मागील दालन' हा साधा शब्द पुरेसा आहे. 'प्रदक्षिणापथ' हाही त्याचा पर्याय होऊ शकत नाही, कारण एक खोली आहे आणि दुसरी वाट. या दोहोंत नाव समान नाही, कार्यही समान नाही. समान आहे ती केवळ देवामागील जागा. म्हणून तुलनेचा तक्ता अंगांच्या नावांवर न रचता प्रश्नांवर रचणे इष्ट होईल. देवाच्या मागे काय आहे? तेथे कोण जातो? समाजाचे द्रव्य कोठे असते आणि त्याची साक्ष कोण देतो? असे विचारले की अथेन्स, रोम, गोवर्धन आणि अंबरनाथ ही चारही उत्तरे आपापल्या जागी पूर्ण ठरतात आणि एकाही रकान्यात रिकामी जागा राहत नाही.

याचा एक व्यावहारिक परिणामही आहे. कल्याण-डोंबिवली परिसरातील महाविद्यालयांच्या अभ्याससहली अंबरनाथला जातात. दर्शनी बाजूची छायाचित्रे घेऊन, पायऱ्या उतरून, दर्शन घेऊन परत फिरले की वास्तू पाहून झाली असे समजले जाते. ज्या भिंतीसाठी स्थपतीने दर्शनी भागाइतकेच श्रम घेतले, ती अशा भेटीत पाहावयाची राहून जाते. तेथील काही शिल्पे आज झिजून ओळखण्यापलीकडे गेली आहेत. उरलेलीही झिजत आहेत. मंदिर समोरून पाहावयाचे असते, ही सवय आपण पुस्तकांतील छायाचित्रांवरून उचलली आहे. अंबरनाथची रचना त्या सवयीला अनुकूल नाही. ते समजून घ्यावयाचे तर सकाळच्या वेळी जावे, पूर्वेकडे वळावे आणि ती भिंत जाताना एकदा व परतताना एकदा अशी दोनदा पाहावी.